चपलांची हजेरी

बाई वर्गात शिरण्याआधी दारातल्या चपला बघायच्या. मुलांची तोंडं नंतर, फळा त्याहून नंतर. व्हरांड्यात पायरीपाशी ओळीनं सोडलेल्या त्या लहान लहान चपला, कुणाच्या थोरल्या भावाच्या उतरलेल्या, कुणाच्या तुटलेल्या अंगठ्याला तार गुंडाळलेल्या. त्यांच्यापुढून बाई हळू चालत जायच्या, एखाद्या ठिकाणी थांबायच्या, ओठांतल्या ओठांत कुणाचं तरी नाव घ्यायच्या आणि मग आत यायच्या. नवख्या माणसाला वाटावं, बाईंचीच चप्पल हरवली आहे. वस्तीवर त्यांचं नाव ‘चपलेच्या बाई’ असं पडलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. "पडू दे हो सर," म्हणायच्या, "चप्पल घालताना तरी लोकांना माझी आठवण येईल." येते हो बाई. रोज येते.

ती काय भानगड होती ते आधी सांगतो. चपलांची जोडी सरळ, शेजारी शेजारी असली तर त्या पोराचं बरं चाललंय. एकीवर दुसरी चढवून ठेवली असली तर मन जड आहे, पण लगेच विचारू नका. आणि एक चप्पल तळ वर करून उलटी ठेवली असली, तर मला एकट्याला बाजूला घ्या आणि विचारा. उलट्या चपलेच्या पोराला बाई मधल्या सुट्टीच्या आत लिंबाखाली घेऊन बसायच्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "तुमची चप्पल उलटी होईल ना, तेव्हा तुमचंही कुणाला सांगणार नाही." मी बूट घालून थेट वर्गात जाणारा माणूस. मुख्याध्यापकाला तेवढा तरी मान असावा, असं माझं म्हणणं. बाई माझ्या बुटांकडं बघून नुसत्या हसायच्या.

मुख्याध्यापक म्हणजे तरी काय हो. निरवांगीच्या बाजूला उसात बुडालेली एक वस्ती, तिथली दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, शिकवायला मी आणि बाई. मीच मुख्याध्यापक, मीच कारकून, घंटा द्यायलाही मीच. माझा निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जायचा आणि उरलेला रेंज शोधण्यात. बाई इंदापुरातून स्कूटीवर यायच्या. त्यांचे मिस्टर तहसील कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवायचे. मूलबाळ नव्हतं. एका वर्षी तालुक्याला आम्हा शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं, लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचं. आम्ही बाकीचे जेवण बरं होतं एवढं लक्षात ठेवून परत आलो. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून हजेरी बदलली.

चपला नंतर आल्या. आधी शब्द होते. ‘हजर’ म्हटल्यावर पोरानं पुढं एक शब्द जोडायचा, आज आत कसं वाटतंय त्याचा. प्रशिक्षणात दिलेले आनंदी, दुःखी, चिंतित वगैरे शब्द पोरांच्या तोंडात बसेनात. बाई म्हणाल्या, "हे राहू द्या, तुमचे घरचे शब्द आणा." मग काय विचारता! "हजर बाई, पाणी सुटलंय." कॅनॉलचं पाणी रानात आल्यावर घरादाराचा चेहरा जसा होतो, तसं आज वाटतंय. "हजर बाई, लाईट न्हाय." दुसरीतला एक पोरगा एके दिवशी उठून म्हणाला, "हजर बाई, चिपाड." रस पिळून घेतल्यावर उसाचं जे उरतं, ते. मी शेजारच्या खोलीत होतो. पाढे सांगता सांगता थांबलो.

वर्गात एकच उत्तर चालायचं नाही: ‘काही नाही’. "‘सांगायचं नाही’ म्हण, मी विचारणार नाही," बाई सांगायच्या, "पण ‘काही नाही’ म्हणू नको. काही नसतं तर तोंड असं कशाला झालं असतं?" मला ते पटायचं नाही. माझ्या घरात तीन पिढ्या ‘काही नाही’ म्हणत आल्या आणि माझ्या मते त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

त्या चिपाडाच्या पोरानं पुढं एकदा भर वर्गात सांगून टाकलं की काल दादानं, म्हणजे बापानं, आईला मारलं. ते वस्तीवर पोचायला दुपार पुरली. दुसऱ्या दिवशी बाप शाळेत हजर, मागं चार माणसं, आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष आबा.

"पोरांला पाढे शिकवा बाई, बाराखडी शिकवा," बाप म्हणाला. "घरातलं भायेर काढायला कुणी सांगितलं तुमाला? आमची अब्रू चावडीवर टांगता व्हय?"

आबा तसे सालस माणूस. ते म्हणाले, "त्ये हजेरीचं बंद करा बाई. पोरं हायती ती. हसत्यात, खेळत्यात. त्यांला कसलं आलंय दुःख?"

बाई म्हणाल्या, "बरं, आबा." भांडल्या नाहीत. चला, सुटलो, असं मला वाटलं. पुढच्या सोमवारपासून चपला सुरू झाल्या. पोरानं चप्पल कशी सोडावी, याच्यावर कुठली समिती ठराव करणार?

बाईंच्या वर्गात रडणाऱ्याला ‘गप’ म्हणायला बंदी होती. रडणारा दिसला की शेजारी जाऊन बसायचं. बोलायचं नाही, समजूत घालायची नाही, नुसतं बसायचं. आणि राग आला किंवा छाती धडधडायला लागली की फुंकर. खिचडी गरम असली की आपण कशी फुंकर मारतो, तशी लांब आणि सावकाश, तळहातावर. "आतलं निवेपर्यंत मारा," बाई म्हणायच्या, "भाजलेल्या तोंडानं बोलायचं नाही." मी चेष्टा करायचो, "बाई, पगार वेळेवर होत नाही, किती फुंकू?" त्या म्हणायच्या, "तुमची खिचडी मोठी आहे सर, दम लागेल."

एकदा आमचे केंद्रप्रमुख तपासणीला आले. दारात बूट काढताना त्यांचा एक बूट कलंडून पालथा पडला. ते आत खुर्चीवर टेकतात न टेकतात, तोच पहिलीतलं एक पोर त्यांच्या गुडघ्याला हात लावून उभं राहिलं. "सायेब, काय झालं?" साहेब म्हणाले, "काही नाही बाळ." पोर म्हणालं, "काही नाही चालत न्हाय हितं." साहेब हसले, पण मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले आणि तपासणी न करताच शेरा लिहून गेले. मोटारसायकलला किक मारताना मला म्हणाले, "पोरगी माहेरी येऊन बसलीय हो सर. कुणी विचारलंच नव्हतं."

आता हौसामावशींचं सांगायला पाहिजे. या आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. कडक बाई, पण जिवाच्या चांगल्या. त्यांना उलटी चप्पल अजिबात बघवायची नाही. दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण लागतं, ही आपल्याकडची समजूत, आणि मावशींच्या हातांना ती सवयच होती. जाता येता वाकायचं आणि चप्पल सरळ करायची. बाई चपला बघतात एवढं वस्तीला दिसायचं, पण त्याचा अर्थ बाईंनी मावशींनाही सांगितला नव्हता, कारण एकाला सांगितलं की वस्तीला कळणार आणि पुन्हा आबा येणार. शिवाय बाई रोज मावशींच्या आधी यायच्या, त्यामुळं कधी काही अडलं नाही.

त्या दिवशी अडलं. कारखान्याचा हंगाम सुरू होता. उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यात उलटल्या आणि बाईंना यायला उशीर झाला. वैष्णवी नावाची तिसरीतली मुलगी त्या दिवशी चप्पल उलटी ठेवून वर्गात येऊन बसली होती. आदल्या दिवशी वेणी घालताना ती आईवर चिडून "तू मर" असं काहीतरी म्हणून गेली होती, आणि त्याच संध्याकाळी आईच्या पोटात दुखायला लागून तिला गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं. बाप तिकडंच होता. आजीनं पोरीला सकाळी शाळेत लावून दिलं. आपल्या बोलण्यानंच आई मरणार, एवढंच त्या पोरीच्या डोक्यात. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मावशी भाजीची पिशवी घेऊन आल्या, वाकल्या, चप्पल सरळ केली आणि चुलीकडं गेल्या. मागाहून बाई आल्या, धापा टाकत, ओळीवरून नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "आज सगळ्यांचं बरं आहे सर!" केवढ्या खूश झाल्या होत्या.

पोरगी दिवसभर वाट बघत बसली. बाई आता बोलावतील, मग बोलावतील. शाळा सुटली आणि ती घरी पोचलीच नाही. आजी रडत शाळेत आली. सगळी वस्ती उसात शिरली, हाका मारमारून गळे बसले. ती सापडली दिवस बुडता बुडता, कॅनॉलच्या कडेला, पाण्याकडं पाय सोडून बसलेली. आम्ही लांबूनच ओरडणार होतो, तर बाईंनी हातानं थांबवलं. एकट्या पुढं गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, "म्या चप्पल उलटी ठिवली हुती. तुमी आलाच न्हाय." बाईंनी मावशींचं नाव घेतलं नाही, ट्रॉल्यांचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "हो. मी आले नाही."

वैष्णवीची आई पुढं बरी होऊन घरी आली. हौसामावशी मात्र दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून ढसाढसा रडल्या. "मला काय ठावं ओ बाई? उलटी चप्पल बघवत न्हाय मला. म्या आपली चांगल्यासाठी केली हुती." बाई त्यांच्या शेजारी राखेतच बसल्या. खिचडी खाली लागली, वास सुटला, तरी उठल्या नाहीत. त्यानंतर बाई कशाही करून मुलांच्या आधी शाळेत यायच्या आणि पायरीवर उभ्या राहून एकेकाच्या तोंडाकडं बघायच्या. चपला राहिल्या, पण नुसत्या चपलांवर त्या पुन्हा विसंबल्या नाहीत. मावशींचा हात सवयीनं उलट्या चपलेकडं जायचा आणि मागं यायचा. त्या नुसतं बाईंना खुणावायच्या. पण बाईंचं हसणं कमी झालं. कधीतरी मधेच म्हणायच्या, "तिनं दिवसभर वाट बघितली हो सर." मी म्हणायचो, "सापडली ना बाई, सोडा आता." त्यांनी ते सोडलं नाही.

मुलं त्यांनाही विचारायची, "बाई, तुमचं?" "माझं बरं आहे." बाईंची चप्पल कायम सरळ, भिंतीला लागून, पट्टा लावलेली. एवढ्या वर्षांत एकदाही वाकडी बघितली नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तर बाईंचा चेहरा उतरला होता, साडी खांद्यावर ठरत नव्हती. मी विचारलं, तर ही बाई मला म्हणते, "काही नाही हो, प्रवासानं झालंय." मला राग आला. पोरांना एक कायदा आणि स्वतःला दुसरा?

आणि मग एका सकाळी व्हरांड्यात बाईंची तपकिरी चप्पल उलटी. पोरं भोवती गोळा झाली होती, कुणी हात लावत नव्हतं. वैष्णवी आता चौथीत होती. ती आत गेली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"बाई, तुमची चप्पल उलटी हाय."

"वाऱ्यानं झाली असेल गं."

"चप्पल वाऱ्यानं उलटत न्हाय बाई."

बाईंनी खडू खाली ठेवला. खुर्ची ओढून मुलांच्या ओळीसमोर बसल्या आणि सांगितलं. पोटात गाठ निघाली आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी ती वाईट आहे म्हणून सांगितलं. आता औषधं सुरू होतील, केस जातील, खूप दिवस येता येणार नाही. "आणि मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. हे शेवटचं त्या एवढ्या हळू म्हणाल्या की मागच्या पोरांना ऐकू गेलं नसेल. पण पोरं उठली. एकानंही ‘घाबरू नका’ म्हटलं नाही. सगळी जाऊन त्यांच्याभोवती खाली बसली, आणि सायबाला विचारणाऱ्या त्या पोरानं बाईंचा हात उलटा करून तळहातावर फुंकर घातली. मी दारात उभा होतो. मला ते बघवेना, म्हणून मी ऑफिसात जाऊन उगाच कपाट उघडून उभा राहिलो.

नंतर मी त्यांना बारामतीला दवाखान्यात भेटायला गेलो. डोक्याला रुमाल, हाताला सुई. मिस्टर औषधं आणायला खाली गेले, तशी बाई म्हणाल्या, "सर, मी गेले तर मुलांना कोण सांगणार?"

"असं काय बोलता बाई?"

"ते राहू द्या. सांगणार कोण?"

त्याच पुढं म्हणाल्या, "बाई परगावी गेल्या, देवाघरी गेल्या, चांदणी झाल्या, असलं काही सांगू नका. वैष्णवी वाट बघत बसेल. एकदा बसली आहे ती."

तेव्हा मी जे कुणाला, माझ्या बायकोलासुद्धा कधी बोललो नव्हतो, ते बाईंना सांगितलं. माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. मला डाळजला मामाकडं नेऊन सोडलं आणि सांगितलं, आई दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. मामाचं घर हायवेला लागून. मी रोज रस्त्याकडेला उभा राहायचो आणि थांबणाऱ्या प्रत्येक एसटीच्या दाराकडं बघायचो. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत. कुणी सांगितलं नाही. एके दिवशी मीच उभं राहायचं सोडलं. ‘काय झालं रे’ म्हणून मामीनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘काही नाही’.

बाईंनी ऐकून घेतलं. ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. सुईचा हात जपून थोड्या सरकल्या आणि मला पलंगावर शेजारी बसायला जागा केली. आम्ही नुसते बसलो. निघताना म्हणाल्या, "म्हणून तुम्हीच सांगा सर." मी हो म्हणालो. त्या ‘हो’चं मला इंदापूर येईपर्यंत ओझं वाटत राहिलं. मी आयुष्यात पोरांना बेरजा शिकवल्या, कविता पाठ करून घेतल्या, पण असलं काही मला कधी सांगता आलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी मिस्टरांचा फोन आला. "गेली हो सर." संध्याकाळी इंदापूरला सगळं उरकलं. घाटावर जो तो मिस्टरांना म्हणत होता, धीर धरा, रडू नका. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या आधी शाळेत पोचलो. कुलूप काढलं. दारात उभा राहिलो आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बूट काढले. एक सरळ ठेवला. दुसरा उलटा केला. मग पायरीवर बसलो. काय बोलायचं ते रस्त्यानं जुळवत आलो होतो, ते सगळं विसरलं होतं.

हौसामावशी आल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. त्या सवयीनं वाकल्या आणि हात बुटापर्यंत जाऊन थांबला.

"कुणाचा हाय ह्यो?"

"माझा, मावशी."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. पिशवी तिथंच ठेवली आणि पदर तोंडाला लावून माझ्या शेजारी बसल्या.

मग पोरं यायला लागली, दप्तरं हलवत, ओरडत. पायरीपाशी येऊन एकेक गप्प होत गेलं. बुटाकडं बघत होती, माझ्याकडं बघत होती. वैष्णवीनं आपली चप्पल काढली, पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, काय झालं?"

माझ्या तोंडात ते दोन शब्द आले होते, जन्मभराच्या सवयीनं आले होते. मी तळहात तोंडापाशी नेला, एक लांब फुंकर घातली, आणि ते गिळले.

"बस इथं," मी म्हणालो. "बाई वारल्या बाळ. त्या आता येणार नाहीत. वाट बघू नको."